उत्तर आधी, गणित नंतर: ‘गॉडझिला सिंग्युलर पॉइंट’ समजून घेताना

‘गॉडझिला सिंग्युलर पॉइंट’ ही जपानी ॲनिमेशन मालिका बघताना तिसऱ्या-चौथ्या भागात कुठेतरी गाडी अडते. पडद्यावर दोन तरुण माणसं एकमेकांना भराभर मेसेज पाठवत असतात, विषय असतो काळात वाकणाऱ्या प्रकाशाचा, आणि आपण गॉडझिला कधी येतो याची वाट बघत बसलेलो असतो. तो मालिकेच्या मध्यापर्यंत धड दिसतही नाही. संवाद मागे नेऊन पुन्हा ऐकला तरी फारसा उपयोग होत नाही, कारण दर दुसऱ्या वाक्यात एक नवी संज्ञा येते: आर्किटाइप, लाल धूळ, सिंग्युलर पॉइंट, ऑर्थोगोनल डायगोनलायझर, महासंकट.

या सगळ्या संज्ञा एकाच कल्पनेच्या पोटी जन्मलेल्या आहेत. ती कल्पना अशी: असा एक पदार्थ आहे, जो प्रकाशाला जागेत वाकवतो तसा काळातही वाकवतो. बाकी सगळं, म्हणजे राक्षसांचे आकार, भविष्य सांगणारं यंत्र, जगबुडीचं भाकीत आणि राक्षसांवरचा उतारा, हे त्या एका गृहीतकावरून पायरीपायरीने निघतं. म्हणून या लेखात कथा क्रमाने सांगितलेली नाही, कल्पना क्रमाने घेतल्या आहेत. शेवट फोडलेला नाही. मधल्या काही गोष्टी मात्र सांगाव्या लागतील.

आधी जुजबी माहिती. मालिका २०२१ ची, १३ भागांची. जपानमध्ये एप्रिल ते जून या काळात ती टीव्हीवर लागली आणि २४ जून २०२१ पासून नेटफ्लिक्सवर जगभर आली. दिग्दर्शक अत्सुशी ताकाहाशी. माणसांची हाताने काढलेली चित्रं ‘बोन्झ’ या स्टुडिओची आणि राक्षसांचं संगणकीय ॲनिमेशन ‘ऑरेंज’चं. पण ही मालिका इतरांहून वेगळी झाली ती पटकथेमुळे. कथेची आणि तिच्यातल्या विज्ञानाची बाजू सांभाळणारे तोह एन्जो हे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले लेखक आहेत आणि आकुतागावा हा जपानचा अत्यंत मानाचा साहित्य पुरस्कार त्यांना मिळालेला आहे. त्यांनी संज्ञा नुसत्या भारदस्त वाटतात म्हणून वापरलेल्या नाहीत. प्रत्येकीच्या मागे खरं गणित किंवा खरं भौतिकशास्त्र आहे, आणि ते समजलं की संवाद एकदम जिवंत होतात.

कथा २०३० सालातली. चिबा प्रांतातलं निगाशिओ हे काल्पनिक गाव. तिथल्या ‘ओताकी फॅक्टरी’ या छोट्या कारखान्यात काम करणारा, कुठलंही यंत्र उघडून दुरुस्त करणारा यून आरिकावा, आणि अस्तित्वात नसलेल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी संशोधक विद्यार्थिनी मेइ कामिनो. एका जुन्या रेडिओ वेधशाळेत आणि एका ओसाड घरात या दोघांना स्वतंत्रपणे एकच गाणं ऐकू येतं. तिथून सुरुवात होते. मालिकेचा बहुतेक काळ ही दोघं समोरासमोर येत नाहीत, फक्त मेसेजवर बोलतात. सगळं विज्ञान त्या मेसेजमध्ये आहे.

काळात वाकणं म्हणजे नेमकं काय

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा आहे. पाण्यात बुडवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते, हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. कारण सोपं आहे. प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, काचेत साधारण २ लाख. वेग बदलला की तिरका आलेला किरण दिशा बदलतो. हा बदल मोजणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक: पाण्याचा १.३३, काचेचा १.५ च्या आसपास, हिऱ्याचा २.४२.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हवेतून काचेत जाताना प्रकाशाची वारंवारता बदलत नाही, तरंगलांबी बदलते. कारण हवा आणि काच यांच्यामधली सीमा ही जागेतली सीमा आहे: इकडे हवा, तिकडे काच, आणि ती कालही तिथेच होती, उद्याही तिथेच असेल.

आता सीमा जागेत नको, काळात घेऊ. एका रुंद घमेल्यात पाणी आहे आणि त्यावर तरंग चालले आहेत. समजा, एका क्षणी सगळ्या पाण्याचा गुणधर्म एकदम बदलला आणि तरंगांचा वेग सगळीकडे एकाच वेळी निम्मा झाला. तरंगांच्या दोन शिखरांमधलं अंतर तसंच राहील, कारण सगळी शिखरं एकाच वेळी मंदावली. पण एखाद्या ठिकाणावरून दर सेकंदाला किती शिखरं पुढे जातात, तो आकडा निम्मा होईल. म्हणजे जागेतल्या सीमेवर तरंगलांबी बदलते आणि वारंवारता टिकते. काळातल्या सीमेवर बरोबर उलटं. आणि वारंवारता बदलली की तरंगाची ऊर्जाही बदलते. वर, त्या क्षणी तरंगाचा काही भाग उलटा फिरून आला त्या वाटेने परत निघतो.

ही नुसती कल्पना नाही. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पाण्याच्या टाकीला अचानक एक उभा हिसका दिला आणि पसरत चाललेले तरंग वळून जिथून निघाले होते तिथे पुन्हा गोळा झाले. मालिका येऊन गेल्यावर, २०२३ मध्ये, न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या गटाने सुमारे ६ मीटर लांबीच्या नागमोडी धातूच्या पट्टीवर ओळीने इलेक्ट्रॉनिक स्विच बसवले, ते सगळे एकाच क्षणी चालू केले आणि विद्युतचुंबकीय लहरींचं असंच काळातलं परावर्तन मोजून दाखवलं. त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने इंडियम टिन ऑक्साइडच्या पातळ थराचा गुणधर्म लेझरने अतिशय वेगाने बदलून, दोन फटींचा प्रसिद्ध प्रयोग जागेऐवजी काळातल्या दोन ‘फटीं’वर केला.

आर्किटाइप म्हणजे हा गुणधर्म जात्याच अंगी असलेला पदार्थ. खऱ्या प्रयोगशाळेत स्विच किंवा लेझर लागतो, आणि वाढलेली ऊर्जा त्या स्विचच्या वीजपुरवठ्यातून येते. फुकट काहीच मिळत नाही. मालिकेतल्या आर्किटाइपला स्विच नाही. त्यात शिरलेला प्रकाश पुढच्या-मागच्या काळाकडे वळतो, म्हणून आत गेली त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडताना दिसते. मेइ आणि यून त्यावर बोलताना शाश्वत गतीच्या, म्हणजे बाहेरून ऊर्जा न घेता कायम चालणाऱ्या, यंत्राचा विषय काढतात तो याचसाठी. ही ऊर्जा कुठून आली, याचं उत्तर ‘दुसऱ्या काळातून’ असं आहे. पूर्ण मालिकेत कल्पनेची एकमेव मोठी उडी हीच. ती मान्य केली की पुढे कुठेच खोट काढावी लागत नाही.

लाल धूळ आणि आर्किटाइप यांत मात्र गल्लत होऊ देऊ नका. राक्षसांच्या भोवती पसरणारी लाल भुकटी म्हणजे कच्चा माल. आर्किटाइप तिच्यातून मिळतो. राक्षस ज्या हवेत तग धरतात ती हवा या धुळीने बनते. म्हणून एखादं शहर लाल व्हायला लागलं की पुढे काय येणार हे समजून घ्यायचं.

एवढा मोठा प्राणी उभाच कसा राहतो

राक्षसपटांना नेहमी विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गॅलिलिओने १६३८ मध्येच देऊन ठेवलंय. १.७ मीटर उंचीचा, ७० किलोचा माणूस घ्या आणि त्याला सर्व बाजूंनी सारखं मोठं करत ५० मीटरचा करा. १९५४ च्या मूळ गॉडझिलाची उंची ५० मीटर मानली जाते, म्हणून हा आकडा. उंची साधारण २९.४ पट झाली. हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, ती २९.४ गुणिले २९.४, म्हणजे सुमारे ८६० पट वाढली. पण वजन घनफळावर ठरतं, ते २५,००० पटींहून जास्त वाढलं: जवळपास १,७८० टन. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार २९ पट. स्वतःच्याच वजनाची आणखी २८ माणसं खांद्यावर घेऊन आयुष्यभर उभं राहण्यासारखं आहे हे. आणि त्या गॉडझिलाचं जाहीर वजन तर २०,००० टन आहे. तो आकडा धरला तर भार ३३० पटींवर जातो. असा प्राणी पहिलं पाऊल टाकण्याआधीच स्वतःच्या पायात कोसळेल.

निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो तो पाण्याच्या आधारावर. किनाऱ्यावर येऊन पडला तर स्वतःच्याच वजनाखाली त्याची छाती दबते. म्हणूनच या मालिकेतला गॉडझिला आधी समुद्रात दिसतो. त्याच्या चार अवस्था आहेत आणि नावं लॅटिन आहेत: अ‍ॅक्वाटिलिस म्हणजे पाण्यातला, अ‍ॅम्फिबिया उभयचर, टेरेस्ट्रिस जमिनीवरचा आणि अल्टिमा शेवटचा. राक्षसांची रचना करणाऱ्या एइजी यामामोरी यांनी पहिल्या अवस्थेचं शरीर खरोखरच पोहणाऱ्या प्राण्यासारखं काढलंय. रोडान या उडणाऱ्या राक्षसाचंही तसंच. जुन्या चित्रपटांत तो एकटा-दुकटा आणि अवाढव्य असायचा. इथे पहिल्यांदा दिसतो तो उडणाऱ्या सरड्याएवढाच विश्वास बसण्याजोगा प्राणी आहे, आणि नंतर थव्यांनी येतो. लहान असताना तो जीवशास्त्राच्या नियमांत बसतो. आकार वाढत जातो तसतसा नियमांतून निसटतो, आणि त्या निसटण्यामागचं कारण आर्किटाइप.

ऊर्जेचा हिशेब केला तर हे आणखी स्पष्ट होतं. सस्तन प्राण्यांना विश्रांतीत लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते: किलोग्रॅममधल्या वजनाचा पाऊण घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचं, की दिवसाच्या किलोकॅलरी मिळतात. २०,००० टनांसाठी हे उत्तर साधारण २ कोटी किलोकॅलरी येतं. म्हणजे दहा हजार माणसांचं रोजचं जेवण, किंवा सुमारे एक मेगावॉट. नुसतं जिवंत राहायला एवढं पुरेल. पण तोंडातून निघालेल्या झोताने इमारतींची रांग कापत न्यायची असेल तर खाण्यातून मिळणारी ऊर्जा कुठेच पुरी पडत नाही. तिथे पुन्हा तोच पदार्थ लागतो, जो दुसऱ्या काळातून ऊर्जा आणतो.

उत्तर आधी, गणित नंतर

आता सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग. प्रकाश काळात मागे वळू शकत असेल तर प्रकाशावर लिहिलेला निरोपही मागे पाठवता येईल. माणूस नाही, वस्तू नाही, फक्त माहिती. या मालिकेत कोणी यंत्रात बसून भूतकाळात जात नाही, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवलेलं बरं. निरोप मागे पाठवता आला की एक वेगळ्याच जातीचा संगणक तयार होतो, ज्याला उत्तर आधी मिळतं आणि आकडेमोड नंतर होते.

हे कसं शक्य आहे, ते एका कुलपावर बघू. सुटकेसला असतं तसं चार आकड्यांचं कुलूप. ०००० ते ९९९९, म्हणजे दहा हजार शक्यता. एक शक्यता तपासायला तीन सेकंद धरले तर सगळ्या तपासायला आठ तासांहून जास्त वेळ लागेल. आता समजा तुमच्याकडे एक मिनिट मागे निरोप पाठवणारी पेटी आहे. तुम्ही स्वतःला एक नियम घालून घेता:

भविष्यातून जो आकडा येईल तो कुलपाला लावायचा. कुलूप उघडलं तर तोच आकडा एक मिनिट मागे पाठवायचा. नाही उघडलं तर त्यात एक मिळवून तो आकडा मागे पाठवायचा. ९९९९ नंतर पुन्हा ००००.

आणि आता नीट बघा. समजा पेटीतून १२३४ आला आणि तो चुकीचा आहे. मग नियमाप्रमाणे तुम्ही १२३५ मागे पाठवणार. पण मग पेटीतून १२३५ यायला हवा होता, १२३४ आला कसा? विसंगती. म्हणजे १२३४ कधी येऊच शकत नाही. हाच न्याय प्रत्येक चुकीच्या आकड्याला लागू होतो. विसंगती न होता पेटीतून येऊ शकणारा आकडा एकच: बरोबर उत्तर. दहा हजारांपैकी एकही शक्यता तुम्ही शोधत बसला नाहीत, तरी उत्तर पहिल्याच फटक्यात हातात आलं. शोधण्याचं काम कोणीच केलं नाही. काळ स्वतःशी सुसंगत राहिला पाहिजे, या एका अटीने ते झालं.

हे मालिकेपुरतं रचलेलं कोडं नाही. डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये अशा बंद काळवलयांचा, म्हणजे भविष्यातून फिरून पुन्हा भूतकाळाला येऊन मिळणाऱ्या वाटांचा, क्वांटम गणितातून विचार केला. स्कॉट आरॉनसन आणि जॉन वॉट्रस यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध तर नेमकं हेच मोजतो की असं वलय मिळालं तर संगणकाची ताकद किती वाढेल. त्यांचं उत्तर: ठरावीक स्मृतीत, वेळेचं बंधन नसताना जे जे सुटू शकतं ते सगळं झटक्यात सुटेल, आणि एकदा वलय हाती आलं की साधा संगणक आणि क्वांटम संगणक यांच्यात फरकच उरणार नाही.

पण या यंत्रात दोन ठिकाणी घात होतो, आणि मालिकेचा सगळा ताण त्या दोन जागांवर आहे.

पहिली जागा: कुलपाला कुठलाच आकडा लागत नसेल तर? मग सुसंगत उत्तरच अस्तित्वात नाही. नियम पाळायचा तर काळाला विसंगत व्हावं लागेल. दुसरी जागा जास्त कावेबाज आहे. सुसंगत असण्यासाठी उत्तर बरोबरच असलं पाहिजे असं नाही. वलय मोडलं तरी सुसंगती टिकते. ऐन वेळी पेटी बंद पडली, वीज गेली, तुमचा हात घसरला, कारखान्यावर काहीतरी कोसळलं, यातलं काहीही झालं तरी विसंगती टळते. कुलूप जितकं अवघड, तितकं ‘यंत्रच मोडणं’ हे उत्तर काळाला सोपं पडत जातं. भविष्यातून उत्तर मागणाऱ्याने हे विचारायलाच हवं की आपल्या यंत्राचा नाश हा या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक तर नाही ना? प्राध्यापक आशिहारा हे मालिकेतलं न दिसणारं मुख्य पात्र. त्यांनी हा विचार सगळ्यात आधी केलेला असतो. त्यांच्या गणिताच्या टोकाला असलेलं ‘महासंकट’ या बाजूने बघितलं तर ते कुणा खलनायकाचं कारस्थान वाटत नाही, एका गणिताची किंमत वाटते.

याच कल्पनेचं छोटं रूप म्हणजे अँगिरस. चौथ्या-पाचव्या भागाच्या आसपास येणारा, पाठीवर काटे असलेला हा प्राणी गोळ्या चुकवतो. नुसता चपळ आहे म्हणून नव्हे. त्याला क्षणभर पुढचं दिसतं. रायफलची गोळी सेकंदाला साधारण ९०० मीटर जाते, म्हणजे ९० मीटरवरून यायला सेकंदाचा दहावा भाग. माणसाला दिसल्यापासून हालचाल करायलाच त्याच्या दुप्पट वेळ लागतो. सेकंदाचे दोन-तीन दशांश पुढचं दिसलं तरी असा प्राणी जवळपास अजिंक्य होतो. त्याला हरवायचं कसं, हे यून ज्या पद्धतीने सोडवतो तो मालिकेतला सर्वोत्तम विचारप्रसंग आहे. पुढचं दिसणं आणि पुढचं टाळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच इथे सांगून ठेवतो.

सिंग्युलर पॉइंट

नावातला शब्द गणितातला आहे. १ भागिले क्ष हे घ्या. क्ष ०.१ असेल तर उत्तर १०, ०.०१ असेल तर १००, ०.००१ असेल तर १,०००. क्ष शून्याकडे सरकत जातो तसं उत्तर हाताबाहेर जातं, आणि शून्यावर तर उत्तरच नाही. अशा बिंदूला सिंग्युलर पॉइंट म्हणतात. तिथे निसर्ग संपतो असं नाही; आपण वापरत असलेलं सूत्र संपतं. कृष्णविवराच्या मध्याशी भौतिकशास्त्राची समीकरणं अशीच थांबतात. मालिकेत आर्किटाइप जिथे एकवटतो तिथे असा बिंदू तयार होतो: भोवतालचे नियम लागू पडत नाहीत अशी जागा, आणि तिच्या पलीकडचं भाकीत करता येत नाही असा क्षण.

उतारा: ऑर्थोगोनल डायगोनलायझर

हे नाव ऐकून बरेच जण नाद सोडतात, पण पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गणित असलेल्यांना ते ओळखीचं आहे. रबराची एक पातळ चादर घ्या, त्यावर आलेखाच्या वहीसारख्या रेघा आखलेल्या आहेत. ती चादर या नियमाने ताणायची: जो ठिपका (क्ष, य) वर होता तो (२क्ष + य, क्ष + २य) वर न्यायचा. (१, ०) हा ठिपका (२, १) वर गेला: लांबलाही आणि फिरलाही. (०, १) गेला (१, २) वर: तोही लांबला आणि फिरला. आडवं आणि उभं एकमेकांत मिसळलं, गुंता झाला.

आता (१, १) बघा. तो (३, ३) वर गेला. दिशा तीच, फक्त तिप्पट. आणि (१, -१)? तो (१, -१) वरच राहिला, जागचा हललाच नाही. म्हणजे या सगळ्या गुंत्यात दोन दिशा अशा आहेत ज्यांच्यात काहीच मिसळत नाही, आणि त्या एकमेकींना काटकोनात आहेत. आपली वही ४५ अंशांनी फिरवून आखली असती तर हा सगळा प्रकार ‘एका बाजूने तिप्पट, दुसरी बाजू जशीच्या तशी’ इतका साधा दिसला असता. ती योग्य काटकोनी दिशा शोधून गुंता सोडवणं म्हणजेच ऑर्थोगोनल डायगोनलायझेशन. मॅट्रिक्सच्या, म्हणजे अशा नियमातले आकडे मांडलेल्या चौकटीच्या भाषेत, कर्णाबाहेरचे सगळे आकडे शून्य होतात.

आर्किटाइपची मूळ खोड काय? जागेची दिशा आणि काळाची दिशा एकमेकांत मिसळणं. मग त्याचा उतारा काय असेल? ती मिसळ सोडवून काळाला काळाच्या रेघेवर आणि जागेला जागेच्या रेघेवर आणून ठेवणारं काहीतरी. एवढं केलं की आर्किटाइपची जादू जाते आणि मागे एक निर्जीव स्फटिक उरतो. मालिकेत ते सूत्रही आहे आणि राक्षसावर डागायचं द्रव्यही. गणितात प्रत्येक मॅट्रिक्सच्या सुट्या दिशा सहसा वेगळ्या असतात. एकीसाठी शोधलेलं वळण दुसरीला लावलं तर गुंता तसाच राहतो, उलट वाढूही शकतो. संशोधक बीबी आणि त्याच्या सहकाऱ्यांची सततची झटापट या नजरेने बघितली की कळते: उतारा आहे, पण तो समोरच्याशी जुळला पाहिजे.

उपल आणि ते गाणं

मेइचा शोध तिला जपानबाहेर नेतो आणि कथेचा मोठा भाग भारतात घडतो. ‘शिवा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं संशोधन केंद्र इथे ‘उपला’ या ठिकाणी दाखवलंय, आणि त्याच्या भुयारात सालुंगा नावाचा राक्षस आहे. संस्कृतात उपल म्हणजे दगड, रत्न. जिथे स्फटिकासारख्या आर्किटाइपवर काम चालतं त्या जागेला हे नाव मराठी कानाला लगेच अर्थपूर्ण वाटतं.

पहिल्या भागात ऐकू येणाऱ्या गाण्याचं नाव ‘अलापु उपला’. रोमन लिपीत ते डावीकडून वाचा की उजवीकडून, अक्षरं तीच येतात. आपल्याकडे लहानपणी ‘रामाला भाला मारा’ म्हणून जे विलोमपद शिकवतात, तसंच. पुढून मागे आणि मागून पुढे सारखंच वाचता येणारा निरोप, तोही काळात दोन्हीकडे वळणाऱ्या प्रकाशाच्या कथेत. संगीतकार कान सावादा यांनी ते गाणं असं बांधलंय की पहिल्यांदा ऐकताना ते फक्त गूढ वाटतं, आणि तेराव्या भागानंतर पुन्हा पहिला भाग लावला की अंगावर काटा येतो.

संगणकातले दोन सोबती

यूनने लिहिलेल्या संवाद-सहायक प्रणालीचं नाव नाराताके. हे जपानमधल्या एका अळंबीचं नाव आहे. त्या गटातली अळंबी जमिनीखाली धाग्यांनी पसरते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात अशी एकच अळंबी सुमारे ९ चौरस किलोमीटरवर पसरलेली सापडलीय. वर दिसणाऱ्या छत्र्या वेगवेगळ्या, जीव एकच. मालिकेतही तसंच: एकाच मुळातून मेइची पेलोप्स २ आणि यूनचा युंग असे दोन स्वभाव उगवतात. मेइचं धांदरट, प्रश्न विचारत सुटणारं बोलणं पेलोप्समध्ये उतरतं, यूनचा शांतपणा युंगमध्ये. हाच युंग पुढे जेट जॅग्वार या यंत्रमानवाचा चालक होतो. १९७३ च्या चित्रपटात आलेला रंगीत, हसऱ्या चेहऱ्याचा जेट जॅग्वार इथे ओताकी फॅक्टरीत जोडलेला, खिळखिळा, पहिल्यांदा तर आत माणूस बसवून चालवलेला असतो. या दोन प्रणालींकडे विनोदापुरतं बघू नका. कुलपाची गोष्ट आठवा: निरोप मागे पाठवायला आणि तो ओळखायला कोणीतरी लागतं.

बघताना काय सांभाळायचं, ते थोडक्यात. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून पाच तासांच्या आसपास. एका बैठकीत संपवू नका. पहिले तीन, मग अँगिरसचे, मग उरलेले, असे टप्पे करा. सबटायटल्स चालू ठेवा आणि वेग वाढवू नका, कारण पडद्यावरचे मेसेज आणि बोललेले संवाद एकाच वेळी चालतात आणि महत्त्वाची वाक्यं बहुतेकदा मेसेजमध्ये असतात. तिथे थांबवून वाचा. जवळ कागद ठेवून तीनच गोष्टी टिपा: कोणाला कुठली माहिती मिळाली, ती त्याला कुठून मिळाली, आणि ती मिळण्याआधी ती कोणाला ठाऊक असणं शक्य होतं का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ असं ज्या ज्या ठिकाणी लिहावं लागेल, ती प्रत्येक जागा शेवटच्या भागात कामाला येते. आणि तेराव्या भागाची श्रेयनामावली सुरू झाली की लगेच बंद करू नका. तिच्यानंतर आणखी एक दृश्य आहे.